दौंड काय म्हणतंय?

पंढरपुरात चंद्रभागेला, म्हणजे भीमेलाच, पूर येतो तेव्हा बहुतेक वेळा पंढरपुरात पाऊस नसतो. ऑगस्टचं लख्ख ऊन पडलेलं असतं, वाळवंटातली देवळं एकेक करून पाण्यात जात असतात, जुन्या दगडी पुलावरची वाहतूक बंद करून पोलीस उभे असतात, आणि घाटावरचा एखादा परगावचा वारकरी विचारतो, "एवढं पाणी आलं कुठनं ओ?" प्रश्न रास्त आहे. माझी बहुतेक नोकरी या एका प्रश्नाचं उत्तर काढण्यात गेली.

मी भीमा खोऱ्यात जलमापनाचं काम केलं. सुरुवातीची वर्षं पुलावरून आणि नावेतून पाणी मोजण्यात गेली, पुढची पूर नियंत्रण कक्षात बसून इतरांनी मोजलेलं जुळवण्यात. धरणाची दारं किती उघडायची हे ठरवणारे वरिष्ठ वेगळे होते. आमच्या टेबलावर असायचे ते आकडे: कुठं किती पाऊस झाला, कुठल्या पुलाखालून किती पाणी चाललंय आणि ते खाली कधी पोचेल. रात्रपाळीला फोन वाजला की पलीकडून नमस्कार-चमत्कार काही नसे. थेट विचारत, "साहेब, दौंड काय म्हणतंय?"

भीमा भीमाशंकरला उगम पावते, ८६१ किलोमीटर वाहते आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते, हे शाळेतलं वाक्य. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पंढरपूरच्या पुरात भीमाशंकरच्या पाण्याचा वाटा लहान असतो, आणि तेही आधी चासकमान धरणात अडतं. खरा लोंढा येतो मुळशीकडून, पानशेत-वरसगावकडून, लोणावळ्याच्या डोंगरांवरून, पवन मावळातून, आणि थेट खाली भोरकडून. उगमाला आपल्याकडं कुंड असतं, देऊळ असतं, यात्रा भरते. पाणलोटाला देऊळ नाही, त्यामुळं त्याच्याकडं कुणी बघत नाही.

पंजा पालथा टेकवून बोटं फाकली की भीमेच्या वरच्या खोऱ्याचा नकाशा होतो. बोटांची टोकं सह्याद्रीच्या धारेवर. एका बोटावर घोड आणि तिला मिळणाऱ्या कुकडी-मीना, दुसऱ्यावर खुद्द भीमा आणि भामा, तिसऱ्यावर इंद्रायणी, चौथ्यावर पवना, मुळा आणि मुठा, अंगठ्यावर नीरा आणि तिच्यात येणारी कऱ्हा. इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला. नीरा बरीच खाली, इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूरला येते, आणि तिथं मनगट सुरू होतं. उत्तरेला हरिश्चंद्रगड-बालाघाटची रांग, तिच्या पलीकडं पडलेला थेंब गोदावरीचा. दक्षिणेला शंभू महादेवाची रांग, तिच्या पलीकडचा थेंब कृष्णेचा. मधलं सगळं आमचं.

या पंज्यात पाऊस सारखा पडत नाही, आणि सगळी गंमत तिथंच आहे. ताम्हिणी-मुळशीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस होतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला दौंडला आलं की पाचशेच्या आसपास. मृग, आर्द्रा, पुनर्वसू कोरडी गेली म्हणून कुरकुंभच्या माळावर शेतकरी आभाळाकडं बघत असतो आणि त्याच वेळी चार कोसांवर भीमा दोन्ही काठ भरून चाललेली असते. नदी ओळखीची, पाणी परमुलखाचं.

म्हणून दौंड. पुणे आणि मावळाकडचं बहुतेक पाणी एकत्र होऊन दौंडच्या पुलाखालून जातं आणि पुढं उजनी धरणाच्या फुगवट्यात शिरतं. वरच्या धरणांनी काय सोडलं, मोकळ्या पाणलोटातून काय आलं, ओढ्यानाल्यांनी काय भर घातली, हे वेगवेगळं विचारत बसण्यापेक्षा दौंडला उभं राहून एकदम मोजलेलं बरं. सोलापूर जिल्ह्यात चहाच्या टपरीवर बसलेला माणूससुद्धा दौंडचा विसर्ग सांगतो. शेअर बाजाराचा आकडा त्याला माहीत नसतो, हा असतो.

आम्हाला एक हिशेब तोंडपाठ असायचा. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं. दौंडला लाख क्युसेक दिवसभर टिकले तर उजनीत साडेआठ टीएमसीच्या वर भर पडते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसी आहे, त्यावर पुण्याचं वर्षाचं पिणं आणि दौंड-इंदापूरची कालव्याची आवर्तनं चालतात. दौंडचा लाखाचा विसर्ग साडेतीन दिवस टिकला की तेवढं पाणी खाली आलं म्हणायचं.

उजनीबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण तिची टक्केवारी बाहेरच्या माणसाला हमखास चकवते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृत साठा, म्हणजे कालव्याच्या मुखाखालचा, आणि जिवंत साठा ५३ टीएमसीच्या वर थोडा. टक्केवारी जिवंत साठ्यावर काढतात. म्हणून 'उजनी शून्यावर' म्हणतात तेव्हा धरणात ६३ टीएमसी पाणी असतं, आणि त्यानंतरही उपसा चालू राहिला की 'उजनी मायनसमध्ये' जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं, लोक मोटारसायकली घेऊन बघायला गेले. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उजनी शंभर टक्के भरली. सोलापुरात त्या दरम्यान काही आभाळ फाटलं नव्हतं. ते घाटात फाटलं होतं.

आता मोजतात कसं, ते सांगतो.

पुलाच्या खांबावर किंवा काठावर मोजपट्ट्या बसवलेल्या असतात. पांढऱ्या पट्टीवर सेंटिमीटरच्या काळ्या खुणा. सकाळी आठला नोंद ठरलेली, पुरात तासातासाला. पण पट्टी सांगते ती फक्त पातळी. पाणी किती चाललंय हे कळायला वेग लागतो. त्यासाठी पुलाच्या लांबीचे खंड पाडायचे, प्रत्येक खंडात खोली घ्यायची आणि प्रवाहमापी खाली सोडायचा. छोट्या वाट्यांचं चक्र असतं ते, प्रवाहात फिरतं. उथळ पाण्यात वरून सहा दशांश खोलीवर धरायचं, खोल पाण्यात दोन ठिकाणी, दोन दशांश आणि आठ दशांशवर. कानाला हेडफोन, हातात स्टॉपवॉच. चक्राचे फेरे टिकटिक करत कानात येतात, ते मोजायचे. वेग गुणिले क्षेत्रफळ, खंडाखंडाची बेरीज, झाला विसर्ग. कागदावर हे शाळकरी गणित आहे. पुलावर उभं राहून करताना खाली माशाच्या आकाराचं शिशाचं वजन प्रवाहाबरोबर तिरकं पळत असतं, तार ताणून कमान होते, आणि वरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला की सगळा पूल हलतो.

मोठ्या पुरात यंत्र खाली सोडण्यात अर्थ नसतो. बाभळीचं अख्खं झाड येऊन तारेत अडकतं. तेव्हा तरंगत्या वस्तूवर डोळा ठेवायचा. ठरलेल्या दोन खुणांमधलं अंतर जलपर्णीचा गठ्ठा किती सेकंदांत कापतो ते बघायचं. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला ०.८५ च्या आसपासच्या आकड्याने गुणायचं. उजनीच्या वरच्या अंगाला जलपर्णीची ददात नाही. पुणे-पिंपरीच्या सांडपाण्यावर ती चांगली पोसते. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्याला जो वास येतो तो मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं.

पातळी आणि विसर्ग यांची जोडी लावून एक वक्र काढलेला असतो. पट्टी वाचायची, वक्रावरून विसर्ग काढायचा. नवा माणूस या वक्रावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पण चढत्या पुरात आणि उतरत्या पुरात एकाच पातळीला एकच विसर्ग नसतो. चढताना पाण्याला उतार जास्त मिळतो, ते जोरात धावतं. आमच्या एका केंद्रावरचे नावाडी काका कोळी समाजातले, नदीवर जन्म गेलेला. पट्टीकडं न बघता ते सांगायचे, "साहेब, अजून चढतंय." कसं म्हणून विचारलं तर पाण्याकडं बोट करायचे. पूर चढता असला की काटक्या-कचरा काठाकाठानं जातो, उतरायला लागला की मधल्या धारेत गोळा होतो. चढत्या पुराचं पाणी मध्ये किंचित फुगलेलं असतं, उतरत्याचं मध्ये दबलेलं, एवढंच त्यामागचं कारण. पुढं कितीतरी पुरांत मी हे पडताळून बघितलं आणि काकांची नोंद रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागलो.

संगमाजवळचं गेज आणखी फसवं. नरसिंहपूरला भीमा फुगलेली असली की नीरेचं पाणी मागं तुंबतं. नीरेची पट्टी मीटरभर चढते आणि प्रत्यक्षात नीरा जवळजवळ उभी असते. अशा वेळी वक्र बाजूला ठेवून नीरेवरच्या वीर धरणातून काय सुटलंय ते विचारायचं. पंढरपूरचं गणित याच दोन आकड्यांवर चालतं: उजनीतून किती आणि वीरमधून किती. दोन्ही पाणी संगमावर एकाच वेळी पोचू नये, यासाठी नियंत्रण कक्षात रात्र-रात्र डोकेफोड चालते. ती साधली तर वर्तमानपत्रात एक ओळ येत नाही. न साधली तर पहिलं पान.

आणि हे सगळं गणित शेवटी एका प्रश्नात येऊन मिळायचं. माढा, पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा पट्ट्यात नदीकाठानं हजारो वीजमोटारी बसवलेल्या आहेत. पाणी वाढणार असलं की मोटार, पाइप, स्टार्टर, केबल सगळं उचलून वर न्यावं लागतं. मजूर लावावे लागतात, रात्री चिखलात ट्रॅक्टर घालावा लागतो. पाणी आलंच नाही तर तो खर्च फुकट, आणि उसाचं एक पाणी चुकतं ते वेगळंच. म्हणून फोनवर क्युसेक कुणी विचारत नसे. विचारत, "साहेब, मोटारी काढू का?" प्रसिद्धिपत्रकात आम्ही लिहायचो, नदीपात्रातील विसर्गात टप्प्याटप्प्यानं वाढ होण्याची शक्यता आहे, तरी नागरिकांनी सतर्क राहावे. त्यातून मोटारीबद्दल काही कळत नाही. मग फोनवर गावाचं नाव विचारून सांगायचं: उद्या दुपारपर्यंत काढून घ्या दादा, पुलाच्या दुसऱ्या कमानीपर्यंत येईल. शिकलेली सगळी जलगतिकी त्या 'दुसऱ्या कमानी'साठी होती, असं मला अजून वाटतं.

खालच्या अंगालाही माणसं असतात, हे खोऱ्यात काम करताना विसरता येत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला भीमा महाराष्ट्र-कर्नाटकची हद्द होऊन वाहते, मग कलबुर्गी, यादगीर करत पुढं जाते. आपल्या घरोघरी पसरलेली शहाबादी फरशी याच खालच्या खोऱ्यातल्या चुनखडीची. वरचा सगळा काळा बसाल्ट तिथवर संपलेला असतो. तिकडच्या अभियंत्यांचे फोन यायचे, निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी, मध्ये आमची तुटकी कानडी. त्यांचं दौंड म्हणजे आम्ही.

एक गोष्ट मात्र नकाशावर बघून समजत नाही. घाटमाथ्यावर पडणारं सगळं पाणी भीमेला मिळत नाही. वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी ही टाटांची धरणं पूर्वेकडं वाहणारं पाणी अडवून बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात सोडतात. खोपोली १९१५ पासून, भिवपुरी १९२२ पासून, भिरा १९२७ पासून. त्यावर मुंबईला वीज मिळाली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो बुडणाऱ्या जमिनींसाठी. खाली सोलापूरच्या वाट्याचं पाणी जातंय, ही बाजू तेव्हा फारशी कुणाच्या मनात नसावी. आता दर दुष्काळात ती निघते. अतिवृष्टीत मात्र हेच मुळशी धरण भरून मुळेत पाणी सोडतं आणि ते आमच्याकडं येतं. टंचाईत पाणी कोकणाचं, पुरात आमचं. यावर माझं मत आहे, ते सोलापूरकराचं आहे, आणि ते वाचकांनी ताडलं असेल.

आतापर्यंत सांगितलं ते खोऱ्याच्या पश्चिमेचं. तिथं धरणांची साखळी आहे, स्वयंचलित पर्जन्यमापकं आहेत, दौंडसारखं ठरलेलं नाकं आहे आणि लोकांना ते पाठ आहे. पूर्वेला यातलं फार थोडं आहे.

सीना अहिल्यानगरकडून येते, बोरी धाराशिव जिल्ह्यातून नळदुर्गच्या किल्ल्याखालून, माण साताऱ्याच्या माण तालुक्यातून आटपाडी-सांगोला करत सरकोलीला. वर्षातले बरेच महिने यांच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळी. सीनेला नदी म्हणावं का, अशी चेष्टा करमाळ्यात ऐकलेली आहे. पण सोलापूरचा मोठा पाऊस जून-जुलैचा नसतो. तो सप्टेंबरचा, उत्तरा-हस्ताचा, बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या ढगांचा. तो पडतो तेव्हा पश्चिमेचं सगळं ज्ञान निकामी होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये असंच झालं. आंध्रच्या किनाऱ्यावर आलेलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगण, उत्तर कर्नाटक ओलांडत आमच्या डोक्यावर आलं. उजनी आधीच भरलेली. दौंड शांत होतं आणि पंढरपूर पाण्यात होतं. लोक सवयीनं दौंड विचारत होते.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाळी सीनेची आली. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, गावंच्या गावं पाण्यात गेली. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद पडला. मी तेव्हा निवृत्त होतो, पण फोन नंबर लोकांकडं होता. "साहेब, उजनीनं किती सोडलं?" उजनीचा या पाण्याशी संबंध नव्हता. ते अहिल्यानगरच्या दक्षिण भागातून, आष्टीतून, भूम-परांड्याच्या ओढ्यांतून, चांदणी, खासापुरी, सीना-कोळेगाव या प्रकल्पांवरून आलं होतं. सांगून पटायला वेळ लागे. पूर म्हणजे उजनी, हे समीकरण एवढं घट्ट बसलंय.

सीनेचं पाणलोट कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. अहिल्यानगर जिल्हा नाशिक महसूल विभागात, बीड आणि धाराशिव छत्रपती संभाजीनगर विभागात, सोलापूर पुणे विभागात. एका मध्यम आकाराच्या नदीच्या वर तीन विभागीय आयुक्तालयं. परांड्यात रात्री दोनला ढग फुटला तर ती बातमी आधी धाराशिवला जाते, तिथून वर, आणि मग दुसऱ्या उतरंडीनं खाली सोलापूरला. पाणी तोवर सरळ वाटेनं निघालेलं असतं. कुणी कामचुकार आहे म्हणून हे होतं असं नाही. जिल्ह्यांच्या हद्दी आखताना नदी कुठून येते हे कुणी विचारलं नव्हतं, आणि अजून विचारत नाही.

हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख बघायला पुष्कळ मंडळी येतात. लेख वाचून झाला की पाच मिनिटं संगमावर उभं राहावं. उजवीकडून येणारी भीमा सह्याद्रीचा पाऊस आणते, डावीकडून येणारी सीना बालाघाटचा, आणि दोघींना मोठं पाणी येण्याचे महिनेसुद्धा निराळे.

मोजणी पूर्वेला अजिबात नाही असं मात्र म्हणता येणार नाही. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक बसली आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की ते मंडळ अतिवृष्टीत धरतात, हे आता प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. पण तो आकडा आपण पंचनाम्यासाठी मागतो, नुकसान झाल्यावर. पूर यायच्या आधी वरच्या मंडळाचा आकडा कुणी मागत नाही, आणि न मागितलेला आकडा आपल्याकडं कुणी आपणहून देत नाही.

सीना, बोरी, भोगावती, माण यांच्या काठच्या वाचकांना म्हणून एक विनंती. ग्रामपंचायतीत बसून तालुक्याचा नकाशा न घेता खोऱ्याचा नकाशा घ्या. आपल्या गावच्या नदीत वरून कोणते ओढे येतात, ते कोणत्या मंडळांत आहेत, वर कोणता तलाव आहे आणि त्याचं शाखा कार्यालय कुठं आहे, हे कागदावर उतरवा. वरच्या दोन-तीन गावांतल्या कुणाचे तरी फोन नंबर त्याखाली लिहा, आणि तो कागद चावडीच्या भिंतीवर लावा. उत्तरा नक्षत्र लागायच्या आत हे करा. दौंड तुम्हाला काही सांगणार नाही.